प्लास्टरचं सफरचंद

सरडोबा गेल्याची बातमी पसरली तेव्हा निम्म्या गावाने आधी आपापल्या दातांना हात लावून पाहिला. रडायचं सुचलं ते नंतर. गावातल्या बऱ्याच तोंडांत जे काही चमकत होतं ते त्याच्या हातचं होतं, आणि आता ते सैल झालं किंवा तडकलं तर जायचं कुणाकडे? दुसरा कवळीवाला थेट वाळवंटाच्या पलीकडे. तिथवर पोचेपर्यंत माणसाचे गाल आत जाऊन एकमेकांना भेटायचे.

वहिनी रडत नव्हती. वहिनी म्हणजे सरडोबाची बायको. नणंद तिला वहिनी म्हणायची म्हणून ती साऱ्या गावाची वहिनी झाली. तिचे दात तिचे स्वतःचे होते, आणि नवरा गेल्यापासून ते तिने एकमेकांवर असे दाबून धरले होते की जबडा ठणकायला लागला होता. नवरा कशाने गेला ते डॉक्टरांनी सांगितलं होतं: हृदय थकलं होतं. कुणामुळे गेला ते फक्त तिला ठाऊक होतं. आणि ते ती कुणाला सांगू शकत नव्हती, कारण तिने शब्द दिला होता.

सरडोबाचं पोट दातांवर चालायचं आणि जीव सरड्यांवर. दुकान पुढे, घर मागे. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाची खुर्ची आणि आरसा, मधल्या खोलीत प्लास्टरचं पिंप, मेण वितळवायचा दिवा, पॉलिशचं यंत्र. आणि मोकळी दिसेल त्या फळीवर, खिडकीत, वहिनीच्या साखरेच्या डब्यामागेसुद्धा, वाळूत उमटलेल्या पावलांचे प्लास्टरचे ठसे. कोल्ह्याचा पंजा, ससाण्याची नखं, सापाच्या वळणांची लांबलचक वेलांटी. त्याच्या कोटाच्या एका खिशात कायम प्लास्टरची पुडी असायची, दुसऱ्यात पाण्याची बाटली. ठसा दिसला की तिथेच पालथं पडायचं, पुडी कालवून ओतायची, आणि ती आळेपर्यंत उन्हात राखण करत बसायचं. घरी यायचा तेव्हा माणूस पुढून पांढरा आणि मागून लाल असायचा.

त्याने वहिनीला लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला नेलं ते गावाबाहेरच्या माळावर. तिच्या ओंजळीत मांडूळ ठेवलं आणि म्हणाला, "तोंड कुठलं, शेपूट कुठलं, सांग." तिने सांगितलं. तेव्हाच त्याने ठरवलं की ही बाई कवळ्याही नीट घासेल. त्यानंतर फुरसं पाळलं. पाळलं म्हणजे काय, काचेच्या पेटीत ठेवलं आणि त्याच्याशी बोलायला लागला. फुरसं चिडलं की अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं, तो हुबेहूब पॉलिशच्या यंत्रासारखा. एकदा खुर्चीत बसलेल्या कापडवाल्याच्या लक्षात आलं की सरडोबाचे दोन्ही हात रिकामे आहेत, यंत्र बंद आहे, आणि घासण्याचा आवाज चालूच आहे. कापडवाला तोंडात साचा घेऊन बाजारापर्यंत पळाला. साचा इतका छान निघाला की त्याची कवळी पुढे आयुष्यभर एकदाही हलली नाही.

पण खरा जीव सांड्यांवर. सांडा म्हणजे हातभर लांबीचा, काटेरी शेपटीचा सरडा. दिसायला दरोडेखोर, वागायला निवृत्त कारकून. गवताची पाती खातो, उन्हाला बसतो, संध्याकाळी बिळात शिरून आतून मातीचं बूच लावून घेतो. सरडोबाने माळावरच्या प्रत्येक सांड्याला नात्यातलं नाव दिलं होतं. धाकटी जाऊ, आतेभाऊ, व्याही. बिळाच्या तोंडाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे नापसंतीने बघणारा जो सगळ्यांत जुना, तो मामंजी. वहिनीने आपले सासरे कधी पाहिले नव्हते. "बघून घे," सरडोबा म्हणायचा, "बाबा थेट असेच बसायचे. अशीच मान वर." आणि वहिनी मामंजींच्या बिळापाशी आली की खरंच आवाज खाली करायची. मामंजींचे पुढचे दात झिजले तेव्हा सरडोबाने त्यांच्यासाठी बोटाच्या पेराएवढी कवळी केली होती. ती त्यांनी गिळली आणि तरीही नापसंतीनेच बघत राहिले. यावर ज्याचा विश्वास नाही त्याने मामंजींना विचारावं, असं म्हणायची सोय आता उरली नाही, तीच तर गोष्ट आहे.

त्या दुकानाचे दोन रिवाज होते. पहिला, कवळी ज्या दिवशी ताब्यात द्यायची त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात सफरचंद द्यायचं. "फोडा," सरडोबा म्हणायचा. कच्चकन तुकडा निघाला की त्याचा चेहरा असा फुलायचा, जणू सफरचंदही त्यानेच बनवलं होतं. दुसरा रिवाज असा की या दुकानात उघडलेलं तोंड या दुकानातच मिटायचं. कुणाचे दात खरे, कुणाचे खोटे, हे भिंतीलाही सांगायचं नाही. मागच्या गल्लीत उघडणारं दार त्यासाठीच होतं. त्या दाराने नवरा येऊन जायचा, आणि आठवड्याने त्याची बायको, आणि दोघं घरी एकमेकांच्या दातांची तारीफ करत सुखाने नांदायची.

मागच्या दाराने येणाऱ्यांतला सगळ्यांत मोठा मानकरी म्हणजे गुडघेवैद्य. गावात सांधेदुखीचं तेल विकायचा. तेल म्हणे निव्वळ झाडपाल्याचं. प्रत्येक बाटलीवर त्याचा हसरा फोटो, आणि खाली लिहिलेलं: हाडं आणि दात शेवटपर्यंत स्वतःचे. ते हसू सरडोबाने मधल्या खोलीत मेणाच्या दिव्यापाशी बसून बनवलं होतं आणि वहिनीने घासून चमकवलं होतं.

माप द्यायला बसला होता तेव्हाच गुडघेवैद्य म्हणाला होता, "सगळे एका ओळीत नकोत हं. लोक ओळखतात. डावीकडचा सुळा जरा तिरका बसव. निसर्गाचं काम इतकं सरळ नसतं."

"निसर्गाचं मला सांगता?" सरडोबा खूश होऊन म्हणाला. सुळा तिरका बसला. कुणाच्या बापाला संशय आला नसता.

मग एका सकाळी माळाच्या उगवतीकडची सगळी बिळं खणलेली सापडली. धाकटी जाऊ, आतेभाऊ, व्याही, सगळे गेले. सांडा दडला की अंग फुगवून बिळात रुतून बसतो. त्याला काढायचा तर पहारीने बीळच फोडावं लागतं. तसं फोडलं होतं. माणूस सांडा पकडतो तो एकाच गोष्टीसाठी, त्याच्या शेपटीतल्या चरबीसाठी. ती वितळवून तेल करतात. सरडोबा त्या ढिगाऱ्यांत वेड्यासारखा हिंडला. पावलं झाडूने पुसलेली. पण एका बिळाच्या कडेला चावून टाकून दिलेलं सफरचंद पडलं होतं. एकच चावा, पण असा स्वच्छ, असा खोल, की वाळूतल्या ठशांवर आयुष्य काढलेल्या माणसाचा हात आपोआप खिशातल्या पुडीकडे गेला.

घरी आणून त्याने त्या सफरचंदाचा साचा घेतला आणि त्यातून प्लास्टरचं सफरचंद ओतलं. जसंच्या तसं, चाव्यासकट. ते उन्हाकडे धरलं तेव्हा वहिनी शेजारीच उभी होती. चाव्याच्या डाव्या कडेला एक दात जरा तिरका उमटला होता. ज्याने तो बसवला तो आणि जिने तो घासला ती, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आपलंच काम," सरडोबा हळूच म्हणाला. मग न राहवून, "पण काय सुबक बसलाय बघ."

"आग लागो त्या सुबकपणाला! चला, आत्ता चौकात जाऊन सांगू."

"काय सांगणार? वैद्यबुवांचे दात खोटे आहेत, आणि ते मी बनवले आहेत?"

"हो!"

"दुकानात उघडलेलं तोंड," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

त्याने एकच केलं. ते सफरचंद पुढच्या खोलीत आरशाशेजारी ठेवलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायला लागला, "माळावर एक जनावर आलंय. त्याचा हा चावा. जात अजून ओळखता आली नाही. दोन पायांवर चालतं एवढंच कळलंय. बघा बरं तुमचे दात बसतात का?" लोक हसायचे, सफरचंद तोंडाला लावायचे, सरडोबा ते स्पिरिटने पुसून पुन्हा जागेवर ठेवायचा. बघता बघता तो गावाचा खेळच झाला. पाव्हणा आला की त्याला सफरचंद लावायला न्यायचं. पोस्टमनने लावलं, शाळेच्या बाईंनी लावलं, सलूनवाला तर दर महिन्याला लावून बघायचा, न जाणो दात सरकले असले तर. कुणाचेच बसले नाहीत. गुडघेवैद्याने मात्र कधी लावलं नाही. "माझे दात नाजूक आहेत, स्वतःचे आहेत ना," म्हणायचा. सरडोबाला वाटत होतं, दर खेपेला ते सफरचंद बघून या माणसाला कधीतरी लाज वाटेल. सरड्यांचा स्वभाव त्याला जितका कळायचा तितका माणसांचा कळत नव्हता.

यंदा उन्हाळा चढायच्या आधी मामंजींचं बीळ फोडलेलं सापडलं.

सरडोबा घरी आला तेव्हा पुढूनही पांढरा होता आणि मागूनही. अंथरुणाला लागला तो उठलाच नाही. वहिनी त्याच्या उशाशी बसून दातओठ खात होती. "आता तरी सांगू द्या मला गावाला."

"दातांचं बोलायचं नाही," तो म्हणाला. "शब्द दे."

मरणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. तिने शब्द दिला. पण देताना मनात म्हणाली, बोलायचं नाही एवढंच ना? बरं.

गाव कृतज्ञ होतं. चावणाऱ्या तोंडांना कृतज्ञ राहावंच लागतं. अध्यक्षीणबाईंनी, म्हणजे नगरपालिकेच्या अध्यक्षांनी, जाहीर केलं की माळाला कुंपण घालून त्याला सरडोबाचं नाव द्यायचं, आणि फाटकाची किल्ली कुणा जवळच्या स्नेह्याकडे सोपवायची. स्नेही कोण? जो दर आठवड्याला त्याच्या घरी जाताना दिसायचा तो. मागच्या दाराने जायचा, ही केवढी साधी माणसाची खूण! गुडघेवैद्य.

हे नणंदेने येऊन सांगितलं. नणंद म्हणजे सरडोबाची थोरली बहीण. आवाज असा की ती स्वयंपाकघरात कुजबुजली तर रस्त्यावरची माणसं होकार द्यायची.

"चांगलंच झालं की गं," ती म्हणाली. "रडला बिचारा अध्यक्षीणबाईंपुढे. म्हणाला, एकेका सांड्याला लेकरासारखं सांभाळीन."

"सांभाळील," वहिनी म्हणाली. "कढईत."

"काय?"

"काही नाही, वन्सं. चहा घ्या."

आता ती किल्ली त्याच्या हातात पडली की माळ संपला. उरलेसुरले सांडे कुंपणाच्या आत, कुलूप बाहेरून, आणि किल्ली तेलवाल्याकडे. चोराला पहारीऐवजी दार मिळालं. वहिनी त्या दिवशी दुपारभर पॉलिशचं यंत्र चालवत बसली. त्यावर काही घासायला नव्हतं.

किल्ली सोपवायच्या शोकसभेच्या आदल्या दुपारी मागचं दार वाजलं. बाहेर गुडघेवैद्य, एवढ्या उकाड्यात तोंडाला मफलर.

"वहिनी, काय बोलू? माझा तर उजवा हात गेला." मग इकडेतिकडे बघून त्याने मफलर खाली केला. "आणि ही बघा ना, वरची, डुगडुगायला लागलीय. उद्या भाषण आहे हो माझं. त्याच्याच आठवणी सांगायच्या आहेत."

"बसा," वहिनी म्हणाली.

तो खुर्चीत बसला. कवळी काढून तिच्या हातात दिली. तिरका सुळा तिच्याकडे बघत होता. तिला वाटलं, इथेच, दगडी पाट्यावर, हातोड्याने. पण मोडलेल्या कवळीने काय होणार? मफलर लावून सर्दी झाली म्हणेल आणि खुणांनी किल्ली घेईल.

"टाळूकडचा थर झिजलाय," ती म्हणाली. "पक्का थर द्यायचा तर वेळ लागतो. उद्यापर्यंत नाही व्हायचा." पक्का थर संध्याकाळपर्यंत झाला असता. हे तिला माहीत होतं, त्याला नव्हतं. "तात्पुरता मेणाचा देते. घट्ट बसेल. पण दोन पथ्यं पाळा. गरम काही पिऊ नका, आणि भाषण लांबवू नका. तोंड तापलं की मेण सुटतं."

"छे, छे. दोन शब्द बोलून बसणार." तो हसला, म्हणजे हिरड्या दाखवल्या. "मित्राचं दुःखच इतकं आहे."

तिने मेण लावलं. सुंदर लावलं. कामात खोट काढायला तिच्या नवऱ्यालाही जागा सापडली नसती. तो आरशात बघून आपलं बाटलीवरचं हसू हसला. आरशाशेजारचं सफरचंद त्याच्या कोपराला लागलं तसा तो दचकून बाजूला झाला.

"हेही उद्या मांडणार आहे मी," वहिनी म्हणाली. "त्यांच्या ठशांसोबत. लोकांना आवडतं ना."

"मांडा, मांडा," तो म्हणाला. दात तोंडात घट्ट बसले की माणसाला कशाची भीती वाटत नाही.

नगरपालिकेचं सभागृह म्हणजे भट्टी. पंखे होते, पण ते हवेला न दुखवता फिरायचे. सरडोबाचा फोटो भिंतीवर होता. त्यातही तो कॅमेऱ्याकडे न बघता खाली कुठेतरी जमिनीकडे बघत होता. व्यासपीठावर बोलणाऱ्याच्या अगदी पुढ्यात वहिनीने टेबल मांडलं होतं. मध्याकडे उतरत गेलेल्या वाळूचं मोठं तबक, त्याच्या कडेने ठसे, आणि मधोमध पांढरं सफरचंद. अख्खं गाव आलं होतं. सलूनवाला पहिल्या रांगेत होता. येता येता त्याने सवयीने सफरचंद लावून पाहिलं आणि मान हलवून जागेवर गेला.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "व्यासपीठावर चहा तुम्हीच द्याल ना? वैद्यबुवांना जरा कडकडीत द्या. घसा बसलाय त्यांचा."

"उकळता देते!" नणंद म्हणाली, आणि ते शेवटच्या रांगेलाही कळलं.

गुडघेवैद्याने पेल्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. वहिनी फोटोकडे बघत होती. नणंद समोर उभी राहून म्हणाली, "घ्या हो, माझ्या भावाच्या नावाने घोटभर." आता या बाईला नाही म्हणायची हिंमत गावात कुणाची होती? त्याने घेतला. तो संपला तशी तिने आणखी ओतला.

आणि मग तो बोलायला उठला. लोकांसमोर उभं राहिलं की त्याला थांबता येत नसे. तेल विकायची सवय. "सरडोबा आणि मी," असं सुरू केलं ते संपेना. सरडोबाला पहिला सांडा त्यानेच दाखवला होता म्हणे. मांडुळाच्या ओंजळीची गोष्टही त्याने सांगितली, फक्त त्यात वहिनीच्या जागी तो स्वतः होता. वहिनी पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. बोल, ती मनात म्हणत होती, बोल रे बाबा, घाई करू नकोस.

मामंजींपर्यंत आला तेव्हा पहिल्यांदा त्याची जीभ अडखळली. "त्या वृद्ध सांड्याच्या जाण्याने," तो म्हणाला आणि एकदम थांबला. रुमाल काढून तोंडावर धरला. आत अंगठ्याने काहीतरी वर दाबलं. मागच्या रांगेतून हुंदका आला. "किती लागलंय हो मनाला," शाळेच्या बाई म्हणाल्या. थोडं बोलून तो पुन्हा थांबला, पुन्हा रुमाल. आता बायका उघडपणे डोळे पुसायला लागल्या. रुमाल जितका वर जाई तितकं सभागृह विरघळत होतं. गावाने आजवर इतकं खरं दुःख पाहिलं नव्हतं. वहिनीनेही रुमाल काढला आणि तोंडावर धरला, पण तो हसू दाबायला.

अध्यक्षीणबाईंचेही डोळे भरून आले. त्यांनी किल्ली उचलली. किल्लीला पोळपाटाएवढी लाकडी पट्टी बांधलेली, हरवू नये म्हणून. ती एका हाताने घेता येण्यासारखी नव्हती. गुडघेवैद्याने नाइलाजाने रुमाल खिशात घातला, तोंड घट्ट मिटलं आणि दोन्ही हात पुढे केले. इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण फोटोग्राफर पुढे आला.

"वैद्यबुवा, बाटलीवरचं हसू येऊ द्या की!"

आणि माणसाची सवय बघा. हसला.

वरची कवळी आधी जराशी पुढे आली, बाहेर कोण कोण आहे ते पाहिलं, आणि सुटली. वाळूच्या तबकात पडली ती थांबली नाही; उतारावरून सरकत गेली, मागे बारीक रेघ ओढत. सांडा शेपूट ओढत जातो तशी. आणि सफरचंदाला टेकून उभी राहिली.

पहिल्या रांगेत एक खुर्ची मागे सरकली.

"अरे!" सलूनवाला ओरडला. "अरे, सफरचंदाला लावा! लावून बघा!"

गुडघेवैद्य झेप घ्यायला गेला, पण त्याच्या दोन्ही हातांत किल्लीची पट्टी होती, आणि नणंदेचा हात मोकळा होता. तिने कवळी चहाच्या फडक्यात उचलली आणि सफरचंदावर टेकवली. टक्. अशी बसली, अशी बसली, की नणंदेने हात काढून घेतला तरी सफरचंद हसत राहिलं. डाव्या कडेचा तिरका सुळा आपल्या खोबणीत आईच्या कुशीत शिरावा तसा शिरला होता.

"ते माझे दात नाहीत!" गुडघेवैद्य बोळक्या तोंडाने ओरडला.

"मग तुमचे कुठे आहेत?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

ज्याने बाटली विकत घेतली होती तो प्रत्येक जण आता तोंडाला हात लावून विचार करत होता, आपण गुडघ्यांना नेमकं चोळलं तरी काय. अध्यक्षीणबाईंनी किल्ली त्याच्या हातांतून काढून घेतली आणि वहिनीकडे वळल्या. "वहिनी, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

सगळं सभागृह वहिनीकडे बघायला लागलं. ती उठली. रुमालाची नीट घडी घातली. फोटोकडे एकदा पाहिलं.

"आम्ही आमच्या गिऱ्हाइकांबद्दल बोलत नाही," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर जो गलका झाला त्यात गुडघेवैद्य कुठल्या दाराने गेला ते कुणी पाहिलं नाही. मागच्याच असणार. किल्ली वहिनीने नणंदेला द्यायला लावली. नणंदेला सरड्यांची शिसारी होती, पण भावाच्या मारेकऱ्याबद्दल तिला त्याहून जास्त शिसारी होती, आणि तिचा आवाज कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज जायचा. ती दिवसभर फाटकाशी छत्री घेऊन बसते. सांडेसुद्धा तिच्या परवानगीने बिळाबाहेर येतात, असं सलूनवाला सांगतो. फाटकाच्या खांबावर काचेच्या पेटीत ते सफरचंद आहे, दातांसकट.

इथे गोष्ट संपली असं दुसरा कुणी म्हणाला असता. वहिनीचं समाधान झालं नव्हतं.

काही दिवसांनी मागचं दार वाजलं. मफलर. आत गाल खोल गेलेले.

"वहिनी, चूक झाली," तो म्हणाला. शब्द हिरड्यांवरून घसरत होते. "पण माणसाला खायला तर लागतं ना? नवी करून द्या."

"बसा. तोंड उघडा," वहिनी म्हणाली.

तिने जुन्या पद्धतीने प्लास्टर कालवलं, घट्ट, आणि त्याच्या तोंडात भरलं. "आता आळेपर्यंत हलायचं नाही. बोलायचं नाही. नाहीतर साचा बिघडेल." मग स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. गिऱ्हाइकाबद्दल बाहेर बोलायचं नव्हतं. गिऱ्हाइकाशी, दुकानात, बोलायला कुणी मनाई केली होती?

तिने त्याला सगळं सांगितलं. धाकट्या जावेचा एक डोळा कसा पाणावलेला असायचा. आतेभाऊ ढग आला की कसा चिडायचा. मामंजी अंग तापलं की काळ्याचे पांढरे कसे व्हायचे, आणि ते बघायला तिचा नवरा पहाटे उठून वाळूत पालथा कसा पडायचा, इतकी वर्षं, जणू आज पहिल्यांदाच. त्या फोडलेल्या बिळातून त्याने ओंजळभर वाळू घरी आणली होती आणि शेवटपर्यंत उशाशी ठेवली होती, तेही सांगितलं. गुडघेवैद्य डोळे फिरवत होता. प्लास्टर आळताना गरम होतं. तिने तेही होऊ दिलं.

मग साचा ओढून काढला आणि खिडकीत ठेवला.

"छान आलाय," ती म्हणाली. "पण मी नवी करणार नाही. तुमचे दात तयारच आहेत. फाटकावर. दिवसाढवळ्या जा, मामंजींच्या बिळापाशी पालथे पडा, वन्संना ऐकू जाईल एवढ्या आवाजात माफी मागा, आणि घेऊन या. त्या पेटी उघडून देतील. मी सांगून ठेवलंय."

"सगळ्या गावासमोर?"

"त्यांच्यासमोर पडली होती ना? तिथूनच उचला."

तो गेला नाही. अजून गेलेला नाही. वाळवंटापलीकडच्या कवळीवाल्याकडे जाऊन आला म्हणतात, पण त्यालाही बातमी लागली होती. त्याने आधी विचारलं, सफरचंद खाणार की सांडा?

वहिनी रोज सकाळी माळावर जाते. खिशात प्लास्टरची पुडी, पाण्याची बाटली. मामंजींच्या पडक्या बिळात एका तरण्या सांड्याने डोकं घातलंय. त्याला अजून नाव दिलेलं नाही, बघू म्हणते, त्याचा स्वभाव तर कळू दे. जाताना वाट जरा वाकडी पडते, पण ती गुडघेवैद्याच्या खिडकीखालूनच जाते. तिथे थांबते. पिशवीतून सफरचंद काढते, चांगलं टणक, हिरवट बघून घेतलेलं, आणि खिडकीकडे तोंड करून पहिला चावा घेते.

कच्च.

आतून पडदा हलतो. वहिनी सावकाश चावते, स्वतःच्या दातांनी, सगळं, देठापर्यंत.